आधी खुर्ची, मग खिळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला बंगल्याच्या वरच्या मजल्यावर १८ बाय १२ फुटांची एक खोली फक्त सिनेमासाठी राखून ठेवली आहे. स्लॅब साडेनऊ फुटांवर. १२ फुटी भिंतीवर ११० इंचांचा पडदा येणार. डाव्या भिंतीत मागच्या बाजूला चार फुटांची खिडकी, मागच्या भिंतीत उजव्या कोपऱ्याला दार. तीन रिक्लायनर मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचा विचार आहे. दुकानदाराने ७.२.४ चं कोटेशन दिलंय. सराउंड स्पीकर (बाजूचे आणि मागचे) डायपोल, म्हणजे दोन तोंडांचे, घ्या आणि साडेसात फुटांवर, थेटरात असतात तसे लावा, असंही त्याने सांगितलंय. हे सगळं बरोबर आहे का, स्पीकर सगळे एकाच कंपनीचे हवेत का, प्लास्टर अजून व्हायचंय तर वायरी कुठे कुठे टाकून ठेवू, आणि पाहुणे आले की पुढे गाद्या टाकल्या तर चालेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. खुशाल टाका. गादीवर लोळणारी पोरं सराउंडची तक्रार करत नाहीत.

आता कोटेशनबद्दल. त्यात स्पीकर मोजलेले आहेत, खोली मोजलेली नाही. सात कानाच्या पातळीवरचे, दोन सबवूफर, चार छताचे, ही बेरीज कागदावर छान दिसते. पण तुम्ही पाठवलेल्या नकाशावर मागची जोडी लावायला गेलं तर ती बसतच नाही. का, ते पुढे येईलच.

आमच्याकडे कोल्हापूर-साताऱ्याच्या बाजूला 'डॉल्बी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत येते. घरी थिएटर करायला आलेल्या बऱ्याच जणांच्या मनातही तेच गणित असतं: जितके जास्त खोके, तितका जास्त डॉल्बी. सराउंडचं काम मात्र वेगळं आहे. पडद्यावर दिसत नाही ते ऐकवायचं, पाऊस, गल्लीतली गर्दी, मागून येणारी गाडी, आणि ते अशा बेताने की आवाज कुठल्या खोक्यातून आला हे कळू नये. मोठा आवाज ही समोरच्या तिघांची आणि सबवूफरची जबाबदारी.

तर पहिली गोष्ट, रिक्लायनर मागच्या भिंतीपासून सोडवा. याबद्दल मी ग्राहकाशी भांडतो, आणि शक्यतो हरत नाही. डोकं भिंतीला टेकलं की मागे जागाच उरत नाही, मग मागचा आवाज येणार कुठून? भिंतीवरून उलटलेला आवाजही लगेच कानात शिरतो आणि बोलणं गढूळ होतं. शिवाय भिंतीला लागून खालचे सूर फुगतात. १८ फूट लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेचा पहिला घुमारा ३१ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि भिंतीजवळ त्याचा दाब सगळ्यात जास्त असतो. तिथे बसलेल्याला प्रत्येक स्फोट पोटात ढवळून निघतो आणि खोलीच्या मधोमध, ९ फुटांवर, उभा असलेल्याला तोच स्फोट फुसका लागतो. म्हणून कान पडद्याच्या भिंतीपासून १२ फुटांवर येतील असे बसा. मागे सहा फूट मोकळे राहतात, रिक्लायनर पूर्ण आडवा होतो, आणि आठ फूट रुंदीचा पडदा १२ फुटांवरून डोळ्यांना भरपूर होतो.

आता त्या १२ फुटांच्या खुणेवरून बाकी सगळं मोजायचं. स्पीकरची जागा अंशांत सांगतात. नाकासमोर पडद्याचा मध्य म्हणजे शून्य, थेट कानाच्या रेषेत बाजूला म्हणजे ९०, डोक्याच्या बरोबर मागे १८०. डॉल्बी कंपनीच्या मार्गदर्शनात पाच स्पीकरच्या मांडणीत सराउंड ११० ते १२० अंशांवर सांगितलेत. सातच्या मांडणीत बाजूचे ९० ते ११० वर आणि मागचे १३५ ते १५० वर. संगीत-ध्वनिमुद्रणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी जुनी शिफारस आहे, तिच्यातही सराउंड १०० ते १२० अंशांत येतात. म्हणजे तीस वर्षांत चौकट फारशी हललेली नाही.

तुमच्या खोलीत मधल्या खुर्चीपासून बाजूची भिंत सहा फूट. स्पीकरची जाडी वजा केली की साडेपाच धरा. ११५ अंश हवेत तर स्पीकर कानाच्या रेषेच्या अडीच फूट मागे येतो, म्हणजे पडद्याच्या भिंतीपासून साडेचौदा फुटांवर. मागच्या जोडीचं बघा. मागची भिंत, स्पीकरची जाडी सोडून, डोक्यापासून साडेपाच फूट. १५० अंशांसाठी प्रत्येक स्पीकर मध्यरेषेपासून निदान सव्वातीन फूट बाजूला हवा, १३५ साठी साडेपाच. पण उजवीकडे मध्यरेषेपासून तीन फुटांवर तुमच्या दाराची चौकट सुरू होते. दारावर लावायचा तर सात फुटांच्या वर जातो. चौकटीच्या आत लावला तर १५५ अंशांच्याही मागे सरकतो, आणि त्याच्या जोडीला डावाही तितकाच आत ओढावा लागतो. दोन्ही मागचे एकमेकांजवळ आले की मागून एकच पुंजका ऐकू येतो. तेव्हा या खोलीत माझं मत ५.२.४ ला. मागच्या जोडीचे पैसे चांगल्या सबवूफरकडे आणि जाड पडद्यांकडे वळवा. आणखी एक फायदा असा की ५.२.४ ला रिसीव्हरचे (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राचे) नऊ चॅनल पुरतात (सबवूफरचा अँप्लिफायर त्याच्या पोटातच असतो), ७.२.४ ला अकरा लागतात, आणि नवावरून अकरावर जाताना किंमत उडी मारते.

आता उंची. 'थेटरात असतात तसे' या वाक्याने घराघरांत घोळ केलाय. सिनेमागृहात बाजूच्या भिंतींवर वर ओळीने स्पीकर असतात ते तिथे शेकडो लोक बसतात म्हणून. कडेच्या खुर्चीतल्या माणसाच्या कानाला स्पीकर लागू नये आणि पलीकडच्यालाही पोचावा, यासाठी त्यांना वर चढवावं लागतं. तुमच्याकडे तीन खुर्च्या आहेत. आणि छतात चार स्पीकर लावणार असाल तर उंच सराउंड सरळ नुकसान करतात. कसं ते सांगतो. रिक्लायनरमध्ये बसल्यावर कान साडेतीन फुटांवर येतो. सराउंड साडेसात फुटांवर लावला तर कानापासून तो सुमारे ३३ अंश वर दिसतो. छतातला स्पीकर ४५ अंशांवर. दोघांत फरक उरला १२ अंशांचा. कानाला वर-खालचा फरक असाही अंधुकच कळतो, त्यात तुम्ही दोघांना शेजारी बसवलंत, तर डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं काय आणि खिडकीबाहेरून गेलं काय, सारखंच. हाच सराउंड पाच फुटांवर लावला तर तो १४ अंशांवर येतो आणि छताशी ३० अंशांची फट राहते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. अॅटमॉस (डॉल्बीची छतातूनही आवाज देणारी पद्धत) २०१२ साली सिनेमागृहांत आलं आणि दोन-तीन वर्षांत घरच्या रिसीव्हरमध्ये उतरलं. सुरुवातीच्या एका कामात मी जुन्या सवयीने सराउंड वर टांगले, छतात चार बसवले, आणि मालकांना मोठ्या उत्साहाने पाऊस ऐकवला. ते म्हणाले, "छान आहे, पण छतातले चालू आहेत का?" बंद करून दाखवले तर फरक नाही. सराउंड खाली आणावे लागले. कापडी पॅनेलला पडलेली भोकं अजून त्या घरी पोस्टरखाली आहेत.

मग अगदी कानाच्या पातळीवरच का नाही, पाच फूट का? कारण शेजारचा माणूस. रिक्लायनरची पाठ उंच असते, आणि मधल्या खुर्चीतल्या माणसासाठी दोन्ही बाजूंना दोन डोकी आडवी येतात. स्पीकरचा ट्विटर (उंच, बारीक आवाज काढणारा छोटा भाग) डोक्यांवरून दिसला पाहिजे. माझी कसोटी साधी आहे: तिन्ही खुर्च्यांत पाठ टेकून बसा, दोन्ही सराउंड डोळ्यांना दिसले पाहिजेत. दिसत नसेल तो ऐकूही नीट येणार नाही.

कडेच्या खुर्चीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि १२ फूट रुंदीच्या खोलीत तोच खरा प्रश्न आहे. मधल्या खुर्चीला दोन्ही भिंती सहा-सहा फूट. कडेच्या खुर्चीला जवळची भिंत तीन फूट, लांबची नऊ. स्पीकर थेट कानाच्या रेषेत असेल तर नुसत्या अंतरानेच जवळचा लांबच्यापेक्षा साडेनऊ डेसिबल मोठा ऐकू येतो, शिवाय त्याचा आवाज पाच मिलिसेकंद आधी पोचतो. जो आवाज आधी येतो तिकडेच कान धावतो, ही कानाची जन्मजात खोड. कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागे अर्धवर्तुळात उभे असतात तोवर ताल सगळ्या मंडपात भरून राहतो. त्यातला एक तुमच्या कानाशी येऊन टाळ वाजवायला लागला की कीर्तन संपलं, नुसते टाळ उरले. कडेच्या खुर्चीतल्या माणसाचं तसंच होतं.

यावर पूर्ण उपाय नाही, पण बरंच काही करता येतं. स्पीकर कानाच्या रेषेपासून अडीच फूट मागे आणि दीड फूट वर गेला की तो साडेनऊचा फरक सुमारे सात डेसिबलवर येतो. ११५ अंश आणि पाच फूट उंची हे आकडे मी त्यासाठीच धरले. त्यानंतर तोंड वळवायचं. लोक डावा स्पीकर डाव्या खुर्चीकडे रोखतात, मी उजव्या खुर्चीकडे रोखतो. ट्विटरचा आवाज समोर सगळ्यात टोकदार असतो आणि बाजूला मवाळ होत जातो, त्यामुळे जवळच्या माणसाला तो जरा मऊ मिळतो आणि लांबच्याला सरळ. आणि खुर्च्या एकमेकींना चिकटवा. मध्ये कपबशी ठेवायचं रुंद कन्सोल घेऊ नका. प्रत्येक सहा इंच तुमच्या कडेच्या माणसाला भिंतीकडे ढकलतात.

डायपोलबद्दल दुकानदाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, फक्त जुनं आहे. १९८७ मध्ये डॉल्बीचं प्रो लॉजिक आलं तेव्हा घरी सराउंडचा एकच चॅनल मिळायचा. दोन खोक्यांतून तोच आवाज, आणि तोही ७ किलोहर्ट्झच्या वर कापलेला. असा आवाज थेट कानावर सोडला तर तो डोक्याच्या मागे चिकटून बसायचा. म्हणून डायपोल: दोन तोंडं, एक पुढे एक मागे, एकमेकांच्या उलट फेजमध्ये, म्हणजे मधोमध बसलेल्याकडे थेट आवाज जवळजवळ शून्य. ऐकू येतं ते भिंतींवरून फिरून आलेलं. त्या काळाला ते उत्तम होतं. पुढे १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल आणि १९९३ मध्ये डीटीएस सिनेमागृहांत आले, सराउंड डावा-उजवा वेगळा झाला, पूर्ण पट्ट्याचा झाला. अॅटमॉसमध्ये तर मिक्स करणारा माणूस एखादा आवाज खोलीतल्या नेमक्या जागेवर ठेवतो. तुम्ही डायपोल लावलात तर त्याने नेमकं ठेवलेलं तुम्ही पुसून टाकलंत. शिवाय डायपोल नीट चालायला तो थेट कानाच्या रेषेत, ९० अंशांवर हवा आणि आजूबाजूला मोकळी भिंत हवी. तुमच्याकडे दोन्ही नाही. साधा, समोर तोंड असलेला स्पीकरच घ्या.

तो घेताना काय बघायचं? आवाज बाजूला किती दूरपर्यंत सारखा पसरतो, हे माझ्या मते सगळ्यात आधी. ट्विटर वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भागाच्या) मधोमध बसवलेला असेल किंवा ट्विटरभोवती उथळ बशीसारखा खळगा असेल तर हा पसारा सहसा बरा असतो. दुकानात तपासायची रीत अशी की एका कानाने ऐकत स्पीकरसमोरून हळूहळू बाजूला चालत जा. चार पावलांत 'स' आणि 'श' विरून गेले तर तो स्पीकर कडेच्या खुर्चीला न्याय देणार नाही. वूफर पाच ते साडेसहा इंचांचा पुरे, कारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे जाणार आहे. भिंतीला लावायचा म्हणजे हवेचं भोक मागे नको. पुढे असावं, नाहीतर खोका बंदच असावा. चपटा ऑन-वॉल मिळाला तर फारच छान, कडेच्या माणसाला तेवढेच तीन-चार इंच जास्त मिळतात. भिंतीच्या आत बसणारे स्पीकर परदेशी पोकळ लाकडी भिंतींसाठी ठीक असतात. आपल्या विटांच्या भिंतीत ते बसवायचे तर पुढे प्लायची खोटी भिंत उभी करावी लागते आणि १२ फुटांतले आणखी इंच जातात.

ताकदीची फार चिंता करू नका. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर सहा फुटांवर असेल तर सिनेमाच्या प्रमाण पातळीवरचं १०५ डेसिबलचं शिखर गाठायला दीडशेच्या वर वॉट लागतील हे खरं. पण त्या पातळीवर घरी कोणी ऐकत नाही. १० डेसिबल खाली आलात की तेच काम १६ वॉटमध्ये होतं, आणि १० डेसिबल खालीसुद्धा शेजारी दार वाजवतात. खोक्यावर छापलेल्या हजार वॉटच्या आकड्यांवर भाळू नका.

एकाच कंपनीचे हवेत का? समोरचे तीन एकाच मालिकेतले हवेतच, यात तडजोड नाही. गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलता कामा नये. सराउंड त्याच कंपनीचे मिळाले तर चांगलं, कारण आवाज पुढून मागे जातानाही पोत टिकतो. पण त्याच कंपनीचा सराउंड म्हणून जर दुकानदार तुमच्या गळ्यात डायपोल घालत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा चांगला पसरणारा स्पीकर मी डोळे झाकून घेईन. सुराचा थोडाफार फरक रिसीव्हरची दुरुस्ती-प्रणाली भरून काढते. पसाऱ्याचा दोष कुठलीच प्रणाली भरून काढत नाही.

छताकडे येतो. पीओपी किंवा जिप्सम उतरवून नऊ फुटांवर आणणार असाल तर कानापासून साडेपाच फूट उंची मिळते. ४५ अंशांसाठी पुढची जोडी कानाच्या साडेपाच फूट पुढे. मागची मी पाच फूट मागे घेईन, म्हणजे भिंतीपासून फूटभर सुटते. डावे-उजवे अंतर मध्यरेषेपासून चार फूट. समोरचे स्पीकर साधारण पावणेपाच फुटांवर येतील, त्यांच्या किंचित आत. छतात भोक पाडून बसवणार असाल तर साडेसहा इंची आणि वळणाऱ्या ट्विटरचे घ्या. मला स्वतःला स्लॅबला ब्रॅकेट ठोकून छोटे स्पीकर खुर्चीकडे वळवून लावणं जास्त आवडतं. दिसायला ते तितके नीटस नसतात, घरच्यांशी बोलून ठरवा. वर आवाज फेकून छतावरून परतवणारे स्पीकर मात्र नकोत. त्यांना सपाट, कडक छत लागतं. आपल्याकडचं पायऱ्या-पायऱ्यांचं, कडेने दिव्यांच्या पट्ट्या असलेलं पीओपी त्यांना परतवत नाही, विखरून टाकतं.

आणि पीओपी खडखडतं. खडखडाट स्पीकरच्या जागी नाही तर भलत्याच ठिकाणी येतो, कधी छतातल्या दिव्याच्या स्प्रिंगमधून, कधी एसीच्या जाळीतून. स्पीकरच्या मागे एमडीएफची पेटी करून तिच्यात रॉकवूल भरा, सांगाड्याचे स्क्रू नेहमीपेक्षा जवळ जवळ मारायला सांगा. छत पूर्ण झालं, पण रंग द्यायचा राहिलाय, अशा वेळी २० ते २०० हर्ट्झचा हळूहळू चढणारा सूर सबवूफरवर लावा आणि शिडी घेऊन फिरा. रंगानंतर सापडलेला खडखडाट दुप्पट पैसे मागतो.

खिडकीचं काय? ती साडेचौदा फुटांच्या खुणेवरच येते, पण हे संकट नाही. थिएटरला उजेड नकोच असतो. बाहेरची तावदानं तशीच ठेवून आतून लाकडी चौकट, रॉकवूल आणि १८ मिमी प्लाय लावून ती बंद करा. रस्त्याचा आवाज अडतो, काचेवरून उलटणारा आवाज जातो, आणि स्पीकरला हवी तिथे घट्ट जागा मिळते. पलीकडच्या, उजव्या भिंतीवरही त्याच उंचीला, त्याच अंतरावर तेवढंच पॅनेल करा. एका बाजूला प्लाय आणि दुसऱ्या बाजूला उघडं प्लास्टर असेल तर पाऊस एका खांद्यावर जास्त पडल्यासारखा लागतो. उजवी भिंत एएसी ब्लॉकची असेल, मिस्त्री ज्याला सिपोरेक्स म्हणतात ती, तर साधी गिट्टी-स्क्रू धरत नाही. त्या ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात, तेच वापरा.

एसीचा इनडोअर युनिट बाजूच्या भिंतीवर, सराउंडच्या डोक्यावर येऊ देऊ नका. वरचा मजला, नाशिकचा एप्रिल, एसी लागणारच. पण सराउंडमध्ये निम्मा वेळ जे असतं ते अगदी हळू असतं: रातकिडे, लांबची गाडी, रिकाम्या खोलीचा आवाज. छताचा पंखा फिरत असला की हे सगळं त्याच्याखाली गाडलं जातं, आणि मग लोक सराउंडचा आवाज चार डेसिबलने वाढवतात. मग स्फोट आला की दचकतात. युनिट मागच्या भिंतीवर घ्या, पंखा काढून टाका, सिनेमाच्या आधी अर्धा तास खोली गार करून ठेवा.

भिंतीला ड्रिल लावण्यापूर्वी एक दिवस माझ्यासारखं करा. माझ्या पिशवीत मीटरपट्टीबरोबर सुतळीचा गुंडा आणि ओळंबा असतो. मधल्या खुर्चीच्या जागी स्टूल ठेवून त्यावर साडेतीन फुटांवर टोक येईल अशी काठी बांधायची. तिथून भिंतीपर्यंत सुतळी ताणायची, कोन मोबाइलवर मोजायचा, भिंतीवर कागदी टेपने फुली मारायची. छताच्या जागा जमिनीवर आखून ओळंब्याने वर न्यायच्या. मग सराउंड दोन घडवंच्यांवर किंवा शिड्यांवर त्या फुल्यांपाशी ठेवा, वायर जमिनीवरून ओढा, आणि दोन-तीन संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना आलटून पालटून कडेच्या खुर्चीत बसवा. मधल्या खुर्चीतलं मत विचारात घेऊ नका, तिथे सगळंच चांगलं लागतं.

जोडणी झाल्यावर रिसीव्हरच्या मायक्रोफोनने मोजमाप करताना तो कॅमेऱ्याच्या तिवईवर कानाच्या जागी ठेवा. रिक्लायनरच्या पाठीवर ठेवलात तर कातडं आवाज उलटवतं आणि आकडे चुकतात. एसी बंद. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सराउंडला 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचं सगळं सबवूफरकडे जातं तो आकडा) ८० हर्ट्झ, छतातल्यांना १०० ते १२०. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त आलं तर बदलू नका, त्याच्या आतल्या विलंबामुळे तसं होतं. सराउंडचं अंतर मात्र टेपशी फूटभराच्या आत जुळलं पाहिजे. डावा-उजवा एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, दिशाहीन वाटला तर एकीकडच्या वायरी उलट लागल्यात. रिसीव्हरकडून वायर सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, लाल वायर सेलच्या धनाला. वूफर बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटी. हे सगळं झाल्यावर एखादा जुना कृष्णधवल मराठी सिनेमा लावा. तो मोनो आहे, आवाज सगळा मधल्या स्पीकरमधून येईल आणि सराउंड गप्प राहतील. ते बरोबरच आहे, बिघाड समजून मला फोन करू नका.

राहिलं वायरिंग, आणि ते तुम्हाला सगळ्यात आधी करायचंय. स्पीकर वायर शुद्ध तांब्याची, १४ गेज. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्वस्तात जी मिळते तिच्यात बऱ्याचदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तिचा रोध सुमारे दीडपट. टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत द्या. २५ मिमीचे पाइप, विजेच्या पाइपांपासून फूटभर लांब, जिथे ओलांडावेच लागतील तिथे काटकोनात. कोपऱ्यात कडक एल्बो नको, लांब बेंड घ्या, नाहीतर पुढे वायर ओढताना इलेक्ट्रिशियन तुमच्या नावाने बोटं मोडेल. डावा सराउंड, उजवा सराउंड, छताचे चार, पुढच्या दोन कोपऱ्यांत सबवूफरचे, आणि मागच्या भिंतीतही मध्यरेषेपासून पावणेतीन फुटांवर दोन रिकामे पाइप, आत ओढदोरी घालून. आज मागची जोडी घेऊ नका म्हणालो, पण उद्या दार सरकवलंत तर भिंत फोडायला नको. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक पाइपाशेजारी मीटरपट्टी धरून फोटो काढा, जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर त्यात वाचता आलं पाहिजे.